पल्ला आणि युनिट : विजेच्या मोटारीच्या मापनभाषेची चिकित्सा

१

विजेवर चालणाऱ्या मोटारीची कार्यक्षमता मोजणे हा वरवर पाहता यंत्रशास्त्राचा विषय आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण सहजासहजी दिसत नाही. तथापि प्रत्येक मोजमापाचा शेवट एका विधानात होतो, आणि विधान हे भाषेचे असते. ‘ही गाडी एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटर जाते’ हे असेच एक विधान आहे. त्याला कर्ता आहे, क्रियापद आहे, संख्याही आहे. परंतु ते कोणत्या परिस्थितीत खरे मानावे व कोणत्या परिस्थितीत खोटे ठरवावे, ह्याचे साधन त्यात नाही. जे विधान पडताळता येत नाही त्यावर दहा-वीस लाख रुपयांचा व्यवहार करावा लागतो, तेव्हा त्या विधानाची चिकित्सा करणे ही केवळ बौद्धिक हौस राहत नाही.

ह्या चिकित्सेसाठी जुन्नर तालुक्यातील वारूळवाडी हे ठिकाण सोयीचे आहे. नारायणगावाला लागून असलेले हे गाव पुणे–नाशिक मार्गावर, पुण्यापासून सुमारे ७५ कि.मी. अंतरावर आहे. ह्याच मार्गावर चाकण लागते, आणि महिंद्र कंपनीच्या विजेच्या मोटारी तेथे तयार होतात. भारतीय मोटारींच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांमधील प्रमुख अशी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. ती पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. मोटार घडविणारा, तिची परीक्षा घेणारा आणि ती चालविणारा असे तिघेही अशा रीतीने एकाच रस्त्याच्या आसपास भेटतात. तिघांची भाषा मात्र एक नाही, आणि प्रस्तुत टिपणाचा विषय हाच आहे.

२

प्रथम बोलीतील शब्द पाहू. पेट्रोलच्या गाडीविषयी मराठी माणूस ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ असे विचारतो आणि उत्तर ‘लिटरला अठरा’ असे मिळते. ‘अ‍ॅव्हरेज’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ सरासरी. सरासरी ही कशाची तरी असावी लागते. मराठीत हा ‘कशाची’ गळून पडला आणि शब्द स्वतःच एका राशीचे नाव बनला. तरीही उत्तराच्या रचनेत मोजमाप शाबूत राहिले. ‘लिटरला अठरा’ ह्यातील ‘-ला’ हा प्रत्यय केवळ चतुर्थीचा नव्हे. तो प्रमाण दाखवितो. ‘रुपयाला दोन’, ‘डझनाला साठ’ ह्या प्रयोगांत तो दिसतो, आणि ‘एकरी’, ‘शेकडा’, ‘दरडोई’ ह्या रूपांतही तीच दृष्टी आहे. एका राशीचे माप दुसरीच्या एका एककावर टेकवून सांगण्याची ही मराठीची जुनी सवय आहे आणि ती शास्त्रशुद्ध आहे.

विजेच्या मोटारीबरोबर हा प्रत्यय नाहीसा झाला. ‘लिटरला किती?’ ह्या प्रश्नाची जागा ‘रेंज किती?’ ह्या प्रश्नाने घेतली. ‘रेंज’ हा शब्द मराठीत मोबाइल फोनबरोबर रुळला होता. तेथे रेंज ही बाहेरून येणारी, कधी मिळणारी व कधी न मिळणारी वस्तू होती. मोटारीच्या संदर्भात तिचा अर्थ बदलला, पण ‘मिळते’ हे क्रियापद कायम राहिले. ह्या शब्दाला पर्याय म्हणून ‘पल्ला’ हा शब्द योजला जातो. तो अर्थपूर्ण तर आहेच, शिवाय एका अनपेक्षित कारणाने बोधप्रदही आहे. पल्ला म्हणजे दोन ठिकाणांमधील अंतर. आणि पल्ला हे धान्य मोजण्याचे एक जुने मापही आहे. एकाच शब्दात अंतरही आहे आणि साठाही आहे. विजेच्या मोटारीच्या पल्ल्याची अडचण नेमकी हीच आहे. मोटार किती काटकसरीने धावते आणि तिच्या पोटात किती वीज मावते, ह्या दोन भिन्न गोष्टींचा गुणाकार म्हणजे पल्ला. गुणाकार हाती आला म्हणून त्याचे अवयव कळत नाहीत.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या शेतकऱ्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. एकाने सांगितले, ‘दोन हजार क्रेट निघाले’, तर दुसऱ्याचा पुढचा प्रश्न ‘किती एकरांत?’ असा असतो. क्षेत्र कळल्यावाचून उत्पन्नाचा आकडा पिकाविषयी काहीच सांगत नाही. पल्ला हा एकराशिवाय सांगितलेला उत्पन्नाचा आकडा आहे.

क्रियापदांचाही विचार करावा लागेल. गाडी अ‍ॅव्हरेज ‘देते’, पेट्रोल ‘खाते’, आणि किलोमीटरला अमुक रुपये ‘पडते’. ‘देते’ म्हटले की गाडी दाती ठरते आणि तिचा तो स्थिर गुण समजला जातो. ‘खाते’ म्हटले की दोष तिच्याकडे जातो. ‘पडते’ ह्या क्रियापदात मात्र चालक, रस्ता, वेग, हवा आणि विजेचा दर ह्या साऱ्यांना शिरकाव मिळतो. प्रत्यक्ष रस्त्यावरील कार्यक्षमतेचे वर्णन ‘पडते’ ह्या क्रियापदाने होते. जाहिरात ‘देते’ ह्या क्रियापदाने बोलते.

३

आता परीक्षकाची भाषा पाहू. भारतात विजेच्या वाहनांसाठी जी मानके आहेत त्यांतील दोन येथे महत्त्वाची. एआयएस-०३९ हे मानक वीज किती खर्च होते ते मोजण्याविषयी आहे. एआयएस-०४० हे पल्ला मोजण्याविषयी आहे. पहिल्यात पूर्ण चार्ज केलेली मोटार ठरलेल्या क्रमाने चालवितात, नंतर ती पुन्हा पूर्ण चार्ज करतात, ह्या वेळी वीजपुरवठ्यातून किती ऊर्जा आली ते मोजतात आणि तिला कापलेल्या अंतराने भागतात. येणारे उत्तर दर किलोमीटरला इतके वॉट-तास असे असते. दुसऱ्यात ठरलेला वेगक्रम पाळणे मोटारीला अशक्य होईपर्यंत ती चालवीत राहतात आणि एकूण अंतर नोंदवितात.

मापन दोन्हींचे होते. पहिल्यात भाजक आहे, प्रमाण आहे, चार्जिंगमध्ये वाया गेलेल्या विजेचा हिशेब आहे. दुसऱ्यात केवळ बेरीज आहे. परंतु प्रचारात आले ते दुसरे. ‘एआरएआय रेंज’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की संस्थेचे नाव एखाद्या विशेषणासारखे वापरले जाऊ लागले. ‘शुद्ध तूप’ म्हणताना ‘शुद्ध’ ह्या शब्दाने जी हमी सुचविली जाते, तीच येथे संस्थेच्या नावाने सुचविली जाते. वस्तुतः संस्था एका पद्धतीने केलेल्या मापनाची ग्वाही देते. ते अंतर ग्राहकाला मिळेलच, अशी ग्वाही ती देत नाही.

ही पद्धत कशी आहे? मोटार रस्त्यावर धावत नाही. तिची चाके प्रयोगशाळेतील रोलरांवर फिरतात. वातानुकूलन बंद असते, हवामान सौम्य असते. वेगाचा क्रम ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ ह्या नावाने ओळखला जातो. तो ११८० सेकंदांचा असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग शहरी वाहतुकीचा. त्यात वेग ताशी ५० कि.मी.च्या वर जात नाही आणि सरासरी वेग ताशी १९ कि.मी.च्या आसपास राहतो. दुसरा भाग शहराबाहेरचा. त्यातील कमाल वेग ताशी ९० कि.मी. आहे. अनेक वर्षे विजेच्या मोटारीचा जाहीर पल्ला पहिल्या भागावरूनच सांगितला जात असे. २०२४ साली वाहन-उत्पादकांच्या संघटनेने दोन्ही भागांवर आधारलेला पल्ला सांगण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्याच मोटारींचे आकडे कमी झाले. मोटारीत एक खिळाही बदलला नव्हता. बदलली होती ती व्याख्या.

पहिल्या भागाची निवड विजेच्या मोटारीला अनुकूल का ठरते, हेही पाहिले पाहिजे. पेट्रोलची गाडी शहरात अधिक इंधन जाळते व मोकळ्या रस्त्यावर कमी; विजेच्या मोटारीचे ह्याच्या उलट आहे. ब्रेक लावताना तिची मोटर जनित्राप्रमाणे फिरून काही ऊर्जा बॅटरीत परत घालते, आणि कमी वेगात हवेचा विरोध नगण्य असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० कि.मी.वरून ९० कि.मी.वर गेल्यास तो तिपटीहून अधिक होतो. तेव्हा चाकण ओलांडल्यावर पुढे मोकळ्या मार्गावर मोटार ज्या वेगाने जाते, त्याचे प्रतिबिंब ताशी १९ कि.मी.च्या सरासरीत पडणे शक्य नाही.

४

उदाहरण म्हणून टाटा कंपनीची, ऑगस्ट २०२४ मध्ये विक्रीस आलेली ‘कर्व्ह’ ही विजेची मोटार घेऊ. तिच्या मोठ्या बॅटरीची क्षमता ५५ किलोवॉट-तास, म्हणजे घरगुती बिलाच्या भाषेत ५५ युनिट आहे. ह्या एकाच मोटारीविषयी तीन आकडे सांगितले गेले. पहिल्या भागानुसार ५८५ कि.मी., दोन्ही भागांनुसार ५०२ कि.मी., आणि कंपनीने ज्याला ‘सी-७५’ असे नाव दिले त्यानुसार ४०० ते ४२५ कि.मी. ह्या आकड्यांना ५५ ने भागले की युनिटला अनुक्रमे १०.६, ९.१ आणि ७.३ ते ७.७ कि.मी. असे उत्तर येते. पहिल्या व तिसऱ्या विधानात सुमारे तीस टक्क्यांचे अंतर आहे. तिन्ही विधाने आपापल्या अर्थाने खरी असू शकतात. पण जाहिरातीतील क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच असते.

पल्ल्याच्या शब्दाने होणारी दिशाभूल दोन मोटारींची तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्र कंपनीने ‘बीई ६’ ही मोटार सादर केली. ७९ युनिटांच्या बॅटरीवर तिचा दोन्ही भागांचा पल्ला ६८२ कि.मी. सांगितला गेला. ‘कर्व्ह’च्या ५०२ कि.मी.पेक्षा तो ३६ टक्क्यांनी अधिक. पण भागाकार करून पाहिल्यास ‘बीई ६’ युनिटला ८.६ कि.मी. जाते, ‘कर्व्ह’ ९.१ कि.मी. ज्या मोटारीचा पल्ला मोठा तिचीच काटकसर किंचित कमी, असे ह्यातून दिसते. ह्यात त्या मोटारीचा दोष मुळीच नाही; तिची बॅटरी मोठी व जड आहे, तिचे सामर्थ्य अधिक आहे. दोष आहे तो एका संख्येत दोन प्रश्नांची उत्तरे कोंबणाऱ्या भाषेचा.

‘सी-७५’ ह्या संज्ञेची स्वतंत्र दखल घेतली पाहिजे, कारण प्रयोगशाळेतील आकड्यावर न थांबता रस्त्यावरील अनुभवाचे विधान करण्याचा हा उत्पादकाने स्वतःहून केलेला प्रयत्न आहे आणि तो स्तुत्य आहे. पंचाहत्तर टक्के ग्राहकांना जो पल्ला मिळणे अपेक्षित आहे तो, असा तिचा अर्थ सांगितला जातो. येथे विधानाची जात बदलते. पूर्वीचे विधान मोटारीविषयी होते. हे ग्राहकांच्या समूहाविषयी आहे. परंतु ‘४०० ते ४२५’ ह्यातील ‘ते’ हा शब्द संदिग्ध आहे. पंचाहत्तर टक्के ग्राहकांना निदान ४०० कि.मी. मिळतात असा अर्थ घ्यावा, की पंचाहत्तर टक्के ग्राहक ४०० आणि ४२५ ह्यांच्या दरम्यान असतात असा? दुसरा अर्थ व्यवहारात अशक्यप्राय आहे. म्हणून पहिला घ्यावा लागतो. मग ४२५ ह्या संख्येचे प्रयोजन काय, असा प्रश्न उरतो. त्याखेरीज उरलेल्या पंचवीस टक्क्यांत कोण येतात? जे बहुतांशी महामार्गावर, भरधाव वेगाने, उन्हाळ्यात वातानुकूलन लावून प्रवास करतात ते. वारूळवाडीहून पुण्याला नित्य जाणारा चालक ह्या पंचवीस टक्क्यांत असण्याचा संभव शहरात फिरणाऱ्यापेक्षा अधिक आहे. समूहाविषयीचे खरे विधान व्यक्तीच्या बाबतीत निरुपयोगी कसे ठरते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

५

मग वारूळवाडीच्या चालकाने कार्यक्षमता मोजावी कशी? येथे पहिला प्रश्न मोजण्याच्या जागेचा आहे. मोटारीच्या पडद्यावर दर किलोमीटरला खर्च झालेली ऊर्जा दिसते. ती बॅटरीतून बाहेर पडलेली ऊर्जा असते. घराच्या मीटरवर दिसते ती बॅटरीत भरण्यासाठी घेतलेली ऊर्जा. ह्या दोहोंत चार्जिंगची तूट असते, आणि ती साधारणतः दहा टक्के, प्रसंगी त्याहून अधिक भरते. पडद्यावरचा आकडा चालविण्याच्या सवयी सुधारण्यासाठी उपयोगी. बिल मात्र मीटरवरच्या आकड्याचे येते. ‘गाडी किती वीज घेते?’ ह्या प्रश्नातील ‘घेते’ हे क्रियापद दोन्ही अर्थांनी वापरले जाते, आणि बहुतेक वाद तेथूनच उद्भवतात.

दुसरा प्रश्न प्रवासाच्या पूर्णतेचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर नारायणगावचा परिसर साधारणतः ६५० मीटरच्या आसपास. दीड हजार किलोची मोटार शंभर मीटर उंच चढविण्यास सुमारे ०.४ युनिट लागतात. हा खर्च लहान आहे. पण तीच मोटार माळशेज घाटाने कोकणातून वर आली आणि चढ सहाशे मीटरचा धरला, तर नुसत्या चढासाठीच अडीच युनिट, म्हणजे सपाट रस्त्यावरील अठरा-एकोणीस किलोमीटरांची ऊर्जा खर्च होते. उतरताना तिचा काही भाग परत मिळतो, सगळा नाही. म्हणून एकेरी प्रवासावरून काढलेला आकडा त्या दिशेविषयी सांगतो, मोटारीविषयी नाही. जाणे व येणे, दोन्ही मोजले पाहिजे. वाऱ्याची दिशा, टायरमधील हवा, मोटारीतील माणसे व सामान, थंडीतील पहाट की वैशाखातील दुपार, ह्यांचीही नोंद आकड्यासोबत हवी.

तिसरा प्रश्न सरासरी काढण्याचा. जाताना ७५ कि.मी.साठी मोटार युनिटला ९ कि.मी. आणि येताना तेवढ्याच अंतरासाठी ६ कि.मी. गेली असे समजू. घाईने कोणीही ‘साडेसात’ म्हणेल. परंतु जाताना ८.३३ युनिट लागले, येताना १२.५, दीडशे किलोमीटरांना एकूण २०.८३. भागाकार ७.२ येतो, साडेसात येत नाही. ‘युनिटला इतके किलोमीटर’ ह्या राशींची साधी सरासरी नेहमी खऱ्याहून मोठी येते. ‘शंभर किलोमीटरला इतके युनिट’ असे सांगितले की ही चूक होत नाही, कारण सारख्या अंतरांसाठी ह्या राशींची साधी सरासरी बरोबर ठरते. मराठीतील ‘लिटरला अठरा’ ही जुनी रचना प्रमाण सांगते खरी, पण भाजकाच्या जागी इंधन घालते. युरोपात शंभर किलोमीटरला किती ऊर्जा, असे म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेत एका गॅलन पेट्रोलची ऊर्जा ३३.७ युनिट धरून विजेचा खर्च पुन्हा ‘गॅलनला इतके मैल’ ह्या स्वरूपात सांगतात. हे नव्या वस्तूचे जुन्या भाषेतील भाषांतर आहे. ते परिचित वाटते, पण वीजबिल वाचण्यास त्याची मदत होत नाही. मराठीला ह्या फेऱ्याची गरज नाही. ‘युनिट’ हा शब्द बिलामुळे घरोघरी पोचलेला आहे.

ह्याच दीडशे किलोमीटरांचा हिशेब पुढे नेला तर प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. बॅटरीतून २०.८३ युनिट गेले आणि चार्जिंगची तूट दहा टक्के धरली, तर मीटरवर सुमारे २३ युनिट पडतात. महिन्यातून दहा वेळा हा प्रवास केला तर २३० युनिट. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो; तेव्हा ही भर खालच्या टप्प्यात पडत नाही, घराच्या वापराच्या वर पडते व महाग दराने आकारली जाते. ४०० कि.मी.चा पल्ला असलेल्या मोटारीला पुण्याची फेरी अवघड नाही. पल्ल्याच्या चिंतेने अधिक मोठी बॅटरी घेणारा ग्राहक न लागणाऱ्या क्षमतेची किंमत मोजतो, आणि ज्या आकड्यावर त्याचा मासिक खर्च अवलंबून आहे तो मात्र त्याने विचारलेलाच नसतो.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. रस्त्यावरील मापन पुन्हा जसेच्या तसे करता येत नाही. प्रयोगशाळेतील करता येते. तुलना करावयाची तर परिस्थिती समान हवी, आणि ती रोलरांवरच मिळते. हा आक्षेप योग्य आहे. प्रयोगशाळेतील आकडा टाकून द्यावा असा निष्कर्ष येथे मुळीच अभिप्रेत नाही. दोन मोटारींत निवड करताना तोच आकडा आधार देतो, मात्र तो एकाच वेगक्रमाचा आणि प्रमाणाच्या रूपातील असला पाहिजे. रस्त्यावरील आकडा आपल्या खर्चाचा अंदाज देतो. दोहोंची कामे निराळी आहेत. एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेतले म्हणजे फसवणूक झाल्याची भावना निर्माण होते, जरी कोणी फसविले नसले तरी.

वारूळवाडीपासून थोड्याच अंतरावर खोडद येथे मीटर-तरंगलांबीच्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती रचना आहे. तेथील निरीक्षणाचा आकडा कोणत्या वारंवारतेवर, किती वेळ घेतला आणि त्यातील त्रुटीची मर्यादा किती, हे सांगितल्यावाचून कोणी स्वीकारीत नाही. दूरच्या आकाशगंगेविषयी जी शिस्त पाळली जाते तिचा लहानसा अंश दारात उभ्या असलेल्या मोटारीविषयी पाळण्यास कोणतीही अडचण नाही. त्यासाठी विधानाचा साचा मात्र बदलावा लागेल. ‘रेंज पाचशे’ ह्याऐवजी ‘वारूळवाडी–पुणे–वारूळवाडी, दीडशे किलोमीटर, दोन माणसे, वातानुकूलन चालू, वेग बहुधा ऐंशी, घरच्या मीटरवर शंभर किलोमीटरला सुमारे साडेपंधरा युनिट पडले’ असे म्हणावे लागेल. हे विधान लांब आहे, पण ते दुसऱ्याला तपासता येते, आणि मतभेद झाल्यास तो कोणत्या शब्दावर झाला हे दाखविता येते.

‘एकरी किती?’ हा प्रश्न ज्या भाषेत सहजपणे विचारला जातो, तिला ‘शंभर किलोमीटरला किती युनिट?’ हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. तो विक्रीच्या दालनात विचारला जाऊ लागला, तर एआयएस-०३९ नुसार मोजलेला आकडा पल्ल्याच्या शेजारी छापणे उत्पादकांना भाग पडेल. तोपर्यंत पल्ल्याचा आकडा वाचणाऱ्याने त्याला बॅटरीच्या युनिटांनी भागून पाहावे. एवढ्या एका भागाकाराने जाहिरातीतील निम्मे संदेह फिटतात. उरलेले निम्मे फिटण्यासाठी घरचा मीटर आणि एक वही पुरेशी आहे.